एमजीबीत रोव्हरचं व्ही-८: कारखान्याची यादी आणि आपली यादी

गाडी १९७८ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघडी स्पोर्ट्स गाडी, रबर बंपरवाली, इंग्लंडमधली, उजव्या बाजूला स्टिअरिंग. मूळ इंजिन १७९८ सीसीचं चार सिलिंडर, बिडाच्या ब्लॉकचं. गिअरबॉक्स चार गिअरचा, त्यावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारी जोड. तिच्यात घालायचं होतं रोव्हर एसडी१ या मोठ्या गाडीतलं ३५२८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम व्ही-८ (दोन तिरक्या रांगांत आठ सिलिंडर) आणि त्याच गाडीचा एलटी७७ हा पाच गिअरचा बॉक्स. मालकाच्या अटी दोन. बोनेटला फुगवटा नको, आणि मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन ओरडायला नको.

ही जोडी आधी कारखान्यानेच जमवलेली आहे. १९७३ ते १९७६ या काळात एमजीने बंद टपाच्या जीटी गाडीत हेच इंजिन घालून २५९१ गाड्या विकल्या. त्याआधी केन कॉस्टेलो स्वतःच्या वर्कशॉपमध्ये एमजीबीत व्ही-८ बसवून देत होता. उघड्या रोडस्टरला मात्र कारखान्याने त्या काळात हे इंजिन कधी दिलं नाही. तरीही १९७४ च्या शेवटापासून, म्हणजे रबर बंपर आल्यापासून, चार सिलिंडरच्या गाड्यांनाही व्ही-८ ला चालेल असाच पुढचा सांगाडा मिळू लागला, आणि पुढे रेडिएटरही पुढे सरकला. म्हणून १९७८ च्या गाडीत हे इंजिन पत्रा न कापता उतरतं. उतरलं की काम झालं, असं वाटतं ते इथेच. कारखान्याने व्ही-८ साठी आणखी बऱ्याच गोष्टी बदलल्या होत्या: डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरसंच), ऑइल फिल्टरची जागा, कार्ब्युरेटरची मांडणी, पंखे, ब्रेक, चाकं. या प्रकरणात जे जे बिघडलं, त्यातलं बरंचसं या यादीतलं काहीतरी सोडून दिल्यामुळे बिघडलं. उरलेल्यातलं काही बिघडलं ते एलटी७७ पाशी, कारण तो बॉक्स कारखान्याने या गाडीत कधी घातलाच नव्हता.

आधी पत्रा, मग इंजिन

मूळ इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दीडशे न्यूटन-मीटरच्या आत. एसडी१ च्या इंजिनाचा १९८ पौंड-फूट, म्हणजे २६८ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला २५०० फेऱ्यांनाच. शक्ती १५५ अश्वशक्ती. वजनाची काळजी नाही, अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ बिडाच्या चार सिलिंडरपेक्षा जड भरत नाही. पण रोडस्टरला टप नसल्यामुळे तिची सगळी ताकद दाराखालच्या सिलमध्ये असते, आणि एमजीबीचा गंज नेमका तिथूनच सुरू होतो. सिल हे आत-बाहेर मिळून तीन थरांचं काम आहे. बाहेरचा थर नवा करून रंग मारलेली गाडी आतून पोकळ निघू शकते. जॅक लावायच्या जागेपाशी टोचणी मारून आणि आतला गालिचा उचलून पाहिल्याशिवाय इंजिनावर पैसा घालू नये.

दाराच्या मागच्या फटीचं माप वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी घेऊन लिहून ठेवलं. गाडी चाकांवर उभी असताना एकदा, आणि पुढून जॅकवर उचलल्यावर एकदा. दोन्ही वेळच्या मापांत फरक पडला तर सिल गेलेली समजायची. इथे वरच्या बाजूची फट उचलल्यावर घट्ट झाली. डावी सिल आतून कापून नवी घातली, दारं लावलेली ठेवून आणि मधे आडवी पट्टी टाचून. दारं काढून सिल वेल्ड केली तर गाडी वाकडी होते आणि मग दार कधीच नीट बसत नाही.

जुन्या इंजिनाची पारख

हे इंजिन मुळात अमेरिकेतलं. ब्यूइकने १९६१ ते १९६३ या काळात बनवलेलं २१५ घनइंची इंजिन रोव्हरने हक्कांसकट घेतलं आणि १९६७ पासून स्वतःच्या गाड्यांत घातलं. एसडी१ हे नाव काही मराठी वाचकांना वेगळ्या वाटेने माहीत असेल. १९८५ मध्ये मद्रासला स्टँडर्ड २००० म्हणून जी मोठी गाडी निघाली, तिची बॉडी हीच होती, पण बोनेटखाली जुनं दोन लिटरचं चार सिलिंडर होतं. त्यामुळे ती गाडी या कामाला दाता म्हणून उपयोगाची नाही.

आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. आकडा किती आला यापेक्षा आठांत फरक किती आहे ते बघायचं, दहा टक्क्यांच्या आत असला की पुढे जायचं. त्यानंतरची खरी तपासणी कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टची. या इंजिनाचे कॅम झिजतात, आणि झिजले तरी इंजिन गोड चालतं, फक्त दम नसतो. व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकरच्या टोकावर डायल गेज लावलं आणि हाताने क्रँक फिरवत प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजलं. सोळापैकी तीन व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा एक मिलिमीटरहून कमी उघडत होते. म्हणजे कॅम नवा, आणि त्याबरोबर सगळे हायड्रॉलिक टॅपेट नवे. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालणं म्हणजे नवा कॅम फुकट घालवणं. टायमिंग चेनही त्याच वेळी बदलली.

बोल्ट काढताना घाई नको. हेड आणि ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचे, बोल्ट लोखंडी, त्यात चाळीस वर्षांचा गंज. एक्झॉस्टचे दोन बोल्ट आट्यांसकट बाहेर आले. तिथे इन्सर्ट घालून नवे आटे पाडले. आटे यूएनसी, म्हणजे इंची मापाचे आहेत, मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने घुसवू नये.

ऑइल फिल्टर या इंजिनात पुढे, उजव्या कोपऱ्यात, पंपाच्या झाकणावर लटकतो. एमजीबीत त्या जागी तो क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंगच्या वाटेत येतो. कारखान्याने म्हणूनच फिल्टर वेगळ्या जागी नेऊन पाइपांनी जोडला होता. इथेही तेच केलं, आणि पाइप चांगल्या दर्जाचे, टोकं क्रिंप केलेले घेतले. रबरी पाइप आणि क्लिप असल्या जोडावर इंजिनाचा जीव ठेवू नये.

बसवणं

इंजिन आणि बॉक्स बाहेरच जोडून एकत्र उतरवले. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट गाडीत बसल्यावर हीटर आणि बल्कहेडच्या (इंजिनामागच्या आडव्या पत्र्याच्या) मधे जातात, तिथे पाना शिरत नाही. बोनेट आणि रेडिएटर काढला, गिअरबॉक्सचा आडवा पट्टा सोडवला, साखळीला कलती करता येणारा ब्रॅकेट लावला आणि नाक वर, शेपूट खाली असं उभं-तिरकं करून सोडलं. फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन टेकतं त्या रबरी आधारांच्या, जागा सांगाड्यावर आधीच आहेत, फक्त व्ही-८ चे ब्रॅकेट लागतात. त्यामुळे इंजिनाची जागा ठरलेली असते. जुळवून घ्यायचं असतं ते मागे.

एलटी७७ बॉक्स एमजीबीच्या मूळ बॉक्सपेक्षा वेगळ्या घडणीचा. नावातले ७७ म्हणजे त्याच्या दोन शाफ्टमधलं मिलिमीटरमधलं अंतर. तो बसतो, पण टनेलच्या (गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या बोगद्याच्या) वरच्या कोपऱ्यांना घासतो. तिथे पत्रा कापायची गरज पडली नाही. टॉर्चने तापवून, आतून लाकडी ठोकळा धरून कोपरे बाहेर काढले. सगळीकडे किमान १२ मि.मी. जागा ठेवावी, कारण फाउंडेशन रबरी आहेत आणि झटक्याने गॅस दिला की इंजिन आणि बॉक्स दोन्ही एका बाजूला झुकतात. ते बघायला टनेलच्या आतून मातीचे गोळे चिकटवले, बॉक्स बसवून पहारीने दोन्ही बाजूंना ढकलला, मग काढून गोळ्यांची जाडी मोजली. गिअरचा दांडा मूळ भोकाच्या थोडा मागे येतो. दांडा वाकवून पुढे आणला, भोक मोठं केलं नाही.

बॉक्सचा आडवा पट्टा नवा बनवावा लागला. त्याची उंची अंदाजाने ठरवू नये. बॉक्सच्या मागच्या फ्लँजवर आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर कोनमापक लावायचा, गाडी चाकांवर वजनासह उभी हवी. दोन्ही कोन जवळपास समांतर यायला हवेत आणि जॉइंटला एक ते तीन अंशांची तिरप हवी. शून्य अंशही चालत नाही, कारण मग जॉइंटच्या सुया एकाच जागी खड्डे पाडतात. हे झाल्यावरच प्रॉपेलर शाफ्टचं माप घेतलं आणि कापून, बॅलन्स करून आणला.

क्लच इथे पहिल्यांदा अडला. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स कुरकुरत पडत होता. पेडल एमजीबीचं, पेडलकडचा मास्टर सिलिंडर पाऊण इंची, क्लचकडचा स्लेव्ह सिलिंडर एसडी१ चा. हवा दोनदा काढली, फरक नाही. स्लेव्हच्या दांड्यावर खूण करून पेडल दाबलं तर दांडा जेमतेम ९ मि.मी. सरकत होता. दोष दोन निघाले. स्लेव्ह उलटा बसवल्यामुळे हवा काढायचा निप्पल खाली होता, वर अडकलेली हवा बाहेर येणंच शक्य नव्हतं. आणि पेडलच्या पिनचं भोक झिजून लांबट झालं होतं, पहिली वाटचाल तिथेच वाया जात होती. निप्पल वर केला, पेडलला बुश घातला. दांडा १३ मि.मी. सरकू लागला आणि रिव्हर्स आवाज न करता पडला. कुरकुरणाऱ्या रिव्हर्सला बॉक्सचा दोष म्हणून बॉक्स उतरवायच्या आधी दांड्याला मोजपट्टी लावून बघायला पाच मिनिटं लागतात.

डिफरन्शियल

मालकाने सुरुवातीला एमजीबीचं मूळ ३.९०९ चं (चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या ३.९०९ फेऱ्या) डिफरन्शियल ठेवायचं ठरवलं, पाचवा गिअर आहेच म्हणून. हिशोब मांडला की ते का चुकतं ते दिसतं. टायर १८५/७० आर १४, एका फेरीला १.९३ मीटर. सत्तर मैलांना, म्हणजे ताशी ११२.६५ कि.मी. ला, मूळ गाडी ओव्हरड्राइव्ह लावून सुमारे ३१०० फेऱ्यांना चालायची. ३.९०९ आणि ०.७९ चा पाचवा गिअर यांनी त्या ३००० होतात. एवढी तोडफोड करून शंभर फेऱ्या वाचल्या. शिवाय पहिला गिअर ५००० फेऱ्यांना ४५ कि.मी. वरच संपतो. सिग्नल सुटला की चौकातच दुसरा घालायचा.

कारखान्याने व्ही-८ ला ३.०७ दिलं होतं. ते घातलं की त्याच वेगाला २३६० फेऱ्या होतात आणि पहिला ५७ पर्यंत जातो. इथे तेच घातलं. ३.३१ ची जोडीही मिळते, शहरात जास्त चालवणाऱ्याला ती बरी. क्राउन-पिनियन घ्यायचं ते केजसकट पूर्ण घ्यावं, आणि बॅकलॅश व पिनियनचा प्रीलोड मोजून बसवणाऱ्याकडूनच बसवावं. एलटी७७ चा पाचवा गिअर सालागणिक वेगळा असतो. आपला बॉक्स कोणता ते बॉक्स बाहेर असतानाच पाचवा घालून, पुढचा शाफ्ट दहा वेळा फिरवून, मागचा किती फिरतो ते मोजून ठरवावं.

त्याच वेळी तारांची चाकं काढली. कारखान्यानेही व्ही-८ ला तारांची चाकं दिली नव्हती. पुढचे ब्रेक जाड डिस्क आणि मोठ्या कॅलिपरचे केले.

पहिलं स्टार्ट

या इंजिनाचा सर्वात धोकादायक क्षण हाच. पंपाचे गिअर तळातल्या ऑइलच्या पातळीच्या वर बसतात आणि इंजिन बरेच दिवस रिकामं पडलं की पंप कोरडा होतो. कोरडा पंप खालून ऑइल ओढू शकत नाही. स्टार्टर मारत राहिलं तर नवा कॅम आणि बेअरिंगं कोरडीच घासली जातात. पंपाचं झाकण उघडून गिअरच्या दात्यांच्या फटी व्हॅसलीनने गच्च भरल्या, बोटाने दाबून, एकही पोकळी न ठेवता. ग्रीस भरू नये, ती ऑइलच्या वाटा बुजवते. व्हॅसलीन गरम होऊन ऑइलमध्ये विरघळते. मग डिस्ट्रिब्युटर न बसवता, त्याच्या भोकातून पंपाचा शाफ्ट ड्रिल मशीनने घड्याळाच्या दिशेने फिरवला. काही सेकंद मशीन हलकं फिरतं, मग अचानक हाताला जोर लागतो आणि गेजचा काटा उठतो. रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत चालू ठेवलं, मधेमधे क्रँक थोडा फिरवून.

नव्या कॅममुळे इंजिन सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवलं, आयडलवर अजिबात नाही. त्यासाठी टायमिंग आणि पेट्रोल आधीच जवळपास बरोबर हवं. ऑइल झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं २०डब्ल्यू-५०.

मालक घाबरला तो ऑइलच्या दाबाचा गेज बघून. मूळ एमजीबीचा काटा गरम इंजिनावरही ५० ते ८० पौंडांत असतो. इथे तो ३५ वर थांबला. रोव्हरच्या व्ही-८ ला गरम असताना २४०० फेऱ्यांना ३० ते ४० पौंड हेच ठरलेलं माप आहे. बेअरिंग गेली समजून इंजिन पुन्हा उघडणारे लोक इथेच फसतात.

रेव्ह काउंटर (इंजिनाच्या फेऱ्यांचा गेज) दुप्पट दाखवत होता, चारऐवजी आठ ठिणग्या मोजत असल्यामुळे. तो गेज दुरुस्तीवाल्याकडून आठ सिलिंडरला लावून घेतला.

मिसफायरही निघाला, फक्त चढावर. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. यातले पाच आणि सात एकाच रांगेत शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी शेजारून बांधल्या की पाचाचा करंट साताच्या वायरीत उतरतो आणि सातवा वेळेआधी पेटतो. इथे सगळ्या वायरी नीटनेटक्या एका क्लिपमध्ये गच्च बांधल्या होत्या. पाच आणि सात वेगळ्या केल्या, मिसफायर गेला.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत कारखान्याचा मार्ग घेतल्याचा फायदा झाला. एसडी१ ची मूळ मांडणी उंच आहे, बोनेटला लागते. कारखान्याने दोन एसयू एचआयएफ६ कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या टोकाला, बल्कहेडजवळ नेले होते. त्या घाटाचं मॅनिफोल्ड घातलं आणि बोनेट जसंच्या तसं बसलं. मूळ एसयू पंपाचा दाब त्यांना पुरतो.

उष्णता

इथे कारखान्याची यादी अपुरी पडली. एक्झॉस्टला कारखान्यासारखे, इंजिनाच्या अंगालगत खाली जाणारे बिडाचे मॅनिफोल्ड लावले होते. उजव्या बाजूला एकाच वितीत स्टिअरिंगचा शाफ्ट, स्टार्टर आणि एक्झॉस्ट. मोकळ्या रस्त्यावर पाण्याचं तापमान ८८ अंश सेल्सियसला स्थिर. पण गाडी रांगेत थांबली की दहा मिनिटांत १०५, आणि इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा मारलं तर स्टार्टर जागचा हलत नसे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलही उकळायचं.

आधी रेडिएटर मोठा करायचं चाललं होतं. त्याने फरक पडला नसता. मोकळ्या रस्त्यावर थंड राहणाऱ्या गाडीचा रेडिएटर पुरेसाच असतो. कमी पडत होती गरम हवा बाहेर जायची वाट. १९९२ मध्ये याच गाडीच्या आधारावर आरव्ही८ ही नवी गाडी काढताना रोव्हरने एक्झॉस्ट आतल्या मडगार्डला भोक पाडून चाकाच्या कमानीत बाहेर काढला. तोच मार्ग घेतला. दोन्ही बाजूंना भोकं पाडून कडांना पत्र्याची रिंग वेल्ड केली, आत उष्णतारोधक ढाल लावली. स्टिअरिंगचा जॉइंट मोकळा झाला, स्टार्टरवरची धग गेली. रेडिएटरपुढे दोन विजेचे पंखे, वेगळ्या रिलेवर. रबर बंपरच्या मागची हवा रेडिएटरच्या बाजूंनी निसटत होती, ती फोम लावून बंद केली. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर उचललं आणि हीटर उघडा ठेवला, नाहीतर हवा वरच अडकते. यानंतर रांगेत अर्धा तास उभी राहूनही काटा ९५ च्या पुढे गेला नाही.

कागदपत्रं

ब्रिटनमध्ये नवा इंजिन नंबर आणि सीसी नोंदणी दाखल्यावर चढवावे लागतात, विम्याला कळवावं लागतं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीची माफी मिळते, पण मोठा बदल केलेल्या गाडीला नाही, आणि सिलिंडरची संख्या बदलली तर तो मोठा बदल धरला जाण्याचा संभव असतो. मडगार्डला भोकं पाडायच्या आधी हे विचारून घ्यावं. माफी असो-नसो, ही गाडी तपासून घेतली.

भारतात असं काम काढणाऱ्यांसाठी एवढंच: मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही. आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून जी 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते, ती गाडी मूळ रूपात असेल तरच. पुण्या-मुंबईत जपलेल्या जुन्या एमजीत दुसरं इंजिन घातलं तर ती वाट बंद होते. मूळ इंजिन आणि बॉक्स विकू नयेत, नंबरासकट तेल लावून गुंडाळून ठेवावेत.

पाचशे मैलांवर गाडी पुन्हा वर घेतली. एक्झॉस्टचे बोल्ट अर्धा ते पाऊण फेरा ढिले झाले होते, ते गार इंजिनावर आवळले. प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट जागचे हलले नव्हते. डाव्या पंख्याची वायर मडगार्डच्या नव्या कडेवर घासून तांबं दिसायला लागलं होतं, तिथे रबरी ग्रोमेट बसवला. शेवटी दाराच्या फटी त्याच तीन ठिकाणी मोजल्या. जॅकवर उचलल्यावर उजव्या दाराचा आकडा बदलला नाही, आणि डाव्याचाही नाही.